मोशीच्या जत्रेत चार्ल्स राजा

पिंपरी,
६ जानेवारी १९५७

तीर्थरूप मामांना कुसुमचा नमस्कार.

आधी चष्मा शोधून घ्या, कारण पत्र लांब आहे आणि शेवटी एक मागणं आहे. आम्ही दोघं खुशाल आहोत. ह्यांना, म्हणजे तुमच्या सयाजीरावांना, औषधांच्या कारखान्यात कायम केलं. पिंपरी गावात दोन खोल्या मिळाल्या आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, त्यामुळे सकाळ झाली की संध्याकाळ हे मला आता ह्यांच्या डब्यावरून कळतं.

ह्यांच्या खात्यात भैरू नावाचा मोशीचा तरुण आहे. मोशी इथून अडीच-तीन कोसांवर, इंद्रायणीकाठी. तिथं चैत्रात जत्रा भरते आणि जत्रेत गावकरी नाटक करतात. आजूबाजूची सगळी गावं दरवर्षी तेच मावळे आणि त्याच लाकडी तलवारी काढतात, म्हणून यंदा मोशीला कुणी न पाहिलेलं काहीतरी हवं आहे. भैरू आमच्याकडे चहाला आला तेव्हा मी त्याला सहज तुमची गोष्ट सांगितली. बापाचं डोकं उडवलेलं, राज्य गेलेलं, राजा झाडावर लपलेला आणि खाली शत्रूचे शिपाई त्यालाच शोधत फिरताहेत. भैरूचा चहा बशीतच गार झाला.

पुढच्या रविवारी तो आम्हाला मोशीला घेऊन गेला. त्याचे वडील आबाजी जत्रेचे प्रमुख आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इंग्रज घालवून धा वर्सं झाली न्हाईत, आन तुमी त्येंचाच राजा पुन्यांदा गादीवर बसवाया निघालाय व्हय?" ह्यांनी सांगितलं की बसवायचं काम त्यांच्याच लोकांनी तीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय, आपण फक्त बघायचं. तेव्हा आबाजी हसले. मग म्हणाले, झाडावरून उतरल्यावर तो पुढं काय करतो ते सांगा. कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, माझे मामा सांगतील.

तर मामा, आई गेल्यावर तुम्ही मला भाताबरोबर इतिहासही भरवलात, त्याची ही फळं. राजा तुमचाच आहे. नाटक लिहून द्याल का?

तुमची,
कुसुम


औसा,
१५ जानेवारी १९५७

चि. सौ. कुसुमला मामाचे आशीर्वाद.

चष्मा नाकावरच होता. तुझं पत्र तीनदा वाचलं.

तुला ठाऊक नसेल, पण मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या शाळेतून इंग्लंडचा इतिहासही निवृत्त झाला. ते योग्यच झालं, आपल्या मुलांनी आपला इतिहास शिकावा. पण तीस वर्षं ज्या चार्ल्सला दरसाल गादीवर बसवला, तो एका सहीनिशी वर्गाबाहेर गेला तेव्हा वाईट वाटलं. आता तो मोशीत परत येतो म्हणतो आहे. मी नाही कसा म्हणेन?

पहिला अंक सोबत पाठवतो. बापाचं डोकं उडवतात, आणि मग लढाई हरल्यावर एकवीस वर्षांचा हा पोरगा रानात शिरतो. लाकूडतोडे भाऊ त्याचे लांब केस कापतात, त्याला आपले मळके कपडे घालतात. बूट इतके लहान मिळतात की पाय सोलून निघतात. मग ते ओकचं झाड. दुसऱ्या अंकात जेन लेन येते. ही एका घरंदाज कुटुंबातली तरुण मुलगी. राजाला आपला गडी म्हणून घोड्यावर पुढे बसवते, आपण मागे बसते आणि शत्रूच्या पहाऱ्यातून त्याला बाहेर काढते. पकडली असती तर जीव गेला असता. राजाला सगळ्यांनी लक्षात ठेवलं, हिला थोड्यांनी. मी मात्र वर्गात तिला पुरा एक तास देत असे.

तीन अटी आहेत. माझं वाक्य बदलायचं नाही. राजाच्या तोंडी पोवाडा घालायचा नाही. आणि तिसरी तुझ्यासाठी आहे. तू घरी बसून सगळ्यांच्या नकला उतरून दे, पण तालमीच्या जागी पाऊल टाकायचं नाही. नाटकाच्या नादानं घरं मोडतात, हे मी ऐकीव सांगत नाही.

सयाजीरावांस आशीर्वाद.

उद्धव


पिंपरी,
१० फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप मामांना नमस्कार.

दोन्ही अंक पोचले. तालमी मोशीच्या देवळात दर रविवारी होतात. मी अर्थातच घरी असते आणि हे येऊन सांगतात तेच तुम्हाला कळवते.

राजा हेच झाले आहेत. उंच आहेत आणि कमी जेवतात, म्हणून सगळ्यांनी एकमतानं निवडलं. लोहाराचं काम मीरासाहेबांकडे आलं. ते दापोडीला गाड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक आहेत, आमच्या शेजारीच राहतात. हातोडा धरायला शिकवावा लागणार नाही. त्यांची बायको झुलेखा माझी मैत्रीण आहे. घोड्याचा प्रश्न मीरासाहेबांनीच सोडवला. जुन्या सायकलला पुढं कापडी तोंड आणि मागं काथ्याची शेपटी. राजा पायडल मारणार आणि जेन मागच्या कॅरिअरवर बसणार.

आबाजींची एक शंका आहे. पहिल्या अंकात राजाचा बाप मारला जातो, मग दुसऱ्या अंकात पोराला मिशी कशी? त्यानं क्षौर केलं नाही का? ह्यांनी सांगितलं की तुमच्या पुस्तकातल्या चित्रात राजाला बारीक मिशी आहे. आबाजी म्हणाले, बापाचं सुतक न पाळणारा राजा लोकांना पटायचा नाही.

पण खरी अडचण पुढंच आहे. जेनचं काम भैरूला दिलं होतं. मिशी काढायची म्हटल्यावर आबाजी उठूनच उभे राहिले. "म्या जित्ता हाय तवर पोरगं मिशी काढनार न्हाई. उद्या लोक माज्या घरी सांत्वनाला येतील." तोंडावर पदर घेऊन बघितलं, तर जेन दाढदुखीची रोगी दिसायला लागली. बाकी सगळ्या पोरांचे वडील हयात आहेत. वडील नसलेले दोघंच, एक आमचे हे, आणि दुसरे लक्ष्मणराव. लक्ष्मणराव भट्टीवर काम करतात, वय पन्नास, आणि कॅरिअरवर बसले तर घोडा मागच्या मागं उताणा होईल.

मामा, सहज विचारते. चार्ल्स राजाच्या काळी नाटकात बायकांची कामं कोण करत असे?

तुमची,
कुसुम


औसा,
१८ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. कुसुमला आशीर्वाद.

काय नेमका प्रश्न विचारलास. तुला शिकवलेलं वाया गेलं नाही.

ऐक. राजा परागंदा होता त्या काळात धर्माभिमानी राज्यकर्त्यांनी इंग्लंडातली सगळी नाटकगृहं बंद करून टाकली होती. अठरा वर्षं बंद. त्याआधी तिथंही बायकांची कामं मुलगेच करत. चार्ल्सनं परत आल्याबरोबर नाटकगृहं उघडली, आणि १६६२ सालच्या सनदेत स्वच्छ लिहून दिलं की यापुढे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात. राजा विलासी होता, आळशीही होता. शब्द देऊन विसरायचा. मी त्याची तरफदारी करत नाही. पण लंडनला आग लागली तेव्हा लोकांच्या रांगेत उभा राहून पाण्याच्या बादल्या ह्यानंच पुढे दिल्या, आणि हा हुकूमही ह्याचाच. वर्गात मी हा हुकूम फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढत असे.

तेव्हा मंडळींना सांग, पुण्याहून एखादी धंदेवाईक नटी आणा. राजाज्ञाच आहे.

आणि भैरूच्या वडिलांचं ऐका. त्या पोराच्या मिशीला कुणी हात लावायचा नाही. नाटक एका रात्रीचं असतं, त्या पोराला पुढं आयुष्यभर त्याच घरात राहायचं आहे. हे जरा कडक लिहिलं असेल, पण तसंच वाचून दाखव.

तिसरा अंक पाठवला आहे. त्यात राजाला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळते आणि पुढे तो ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकतो. हा प्रवेश शांतपणे करावा. सध्या दिवस कसले आहेत ते तुम्ही जाणताच.

उद्धव


पिंपरी,
१२ मार्च १९५७

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मोशीच्या देवळात जाहीर वाचलं गेलं. मिशीचा मजकूर ऐकून आबाजी म्हणाले, हा मास्तर मानूस शाना हाय. मग हुकमाचा मजकूर त्यांनी दोनदा वाचून घेतला. म्हणाले, "राजाचा हुकूम राजाच्याच नाटकात मोडायचा म्हंजी अवघडच की." पण पुण्याची नटी नको, गावातल्या बायका नाटकाला यायच्या नाहीत, असंही त्यांचं म्हणणं पडलं. मग सगळे पुरुष एकमेकांकडे बघत बसले. तेवढ्यात खांबाआडून आबाजींच्या घरच्या, छबूबाई, बोलल्या. "बाई पायजे तर बाईला इचारा की. बापयांकडं काय बघताय?"

तर मामा, बाई मिळाली. घरंदाज आहे, सातवी पास आहे. दुसऱ्या अंकाची तिची सगळी वाक्यं एका आठवड्यात पाठ झाली. नवऱ्याची आडकाठी नाही. उलट तोच रोज जेवताना तिच्याकडून म्हणून घेतो. तालमीला मीरासाहेबांची झुलेखा सोबत असते आणि छबूबाई पहिल्या ओळीत बसून कोण काय बोलतो त्यावर नजर ठेवतात. पहिल्या दिवशी तिचा आवाज फुटत नव्हता. आता देवळाच्या मागच्या विहिरीवर ऐकू जातो.

तिला फक्त एकच धास्ती आहे. तिच्या माहेरचं एक माणूस आहे, त्याला काय वाटेल याची. बाकी कुणाची तिला पर्वा नाही.

कुसुम


औसा,
२० मार्च १९५७

चि. सौ. कुसुमला आशीर्वाद.

फार आनंद झाला. पोरीची हिंमत मोठी. असा नवराही लाखात एखादा. तिला माझ्यातर्फे सांग, की जेन लेनसुद्धा त्या सकाळी घोड्यावर बसताना घाबरलीच असेल, पण तसं कुठंही लिहून ठेवलेलं नाही.

माहेरच्या माणसाची धास्ती कशाला? तो समजूतदार असला तर त्याला अभिमानच वाटेल, आणि नसला तर त्याच्या समजुतीखातर राजाला फासावर द्यायचं की काय? अशा मुलीला ज्यानं कुणी वाढवलं असेल त्याला माझा नमस्कार कळव.

हस्तपत्रक छापलं की एक प्रत पाठवायला सयाजीरावांना सांग. लेखक म्हणून माझं नाव बारीक टाइपात घाला.

उद्धव


औसा,
९ एप्रिल १९५७

कुसुम,

सयाजीरावांनी हस्तपत्रक पाठवलं. "जेन लेन: सौ. कुसुमताई." मोठ्या टाइपात.

मला फसवलंस. तुझ्या आईला मी शेवटच्या घटकेला शब्द दिला होता की हिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. उद्या तुझ्या सासरच्यांनी दार लावून घेतलं तर कुठं जाशील? नाटक झाल्यावर लोक आपापल्या घरी जातात. ज्याला घर उरत नाही त्याचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

वीस तारखेला मी मोशीला येतो आहे. तू स्टेजवर उभी राहिलीस तर हात धरून खाली उतरवीन. चारचौघांत.

उद्धव


पिंपरी,
१३ एप्रिल १९५७

तीर्थरूप मामांना नमस्कार.

फसवलं हे खरं आहे, आणि त्याबद्दल पाय धरून क्षमा मागते. नाटकाबद्दल मात्र नाही.

तुम्ही म्हणाला होता, अशा मुलीला वाढवणाऱ्याला नमस्कार कळव. तो या पत्रानं पोचवते आहे.

सासूबाईंना ह्यांनी स्वतः पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं की पोराला राजा केलाय तर सुनेला भांडी घासायला लावू नका, आणि फोटो काढला तर पाठवा. माझं घर शाबूत आहे, मामा. तुम्ही कुणाचं मोडलेलं घर पाहिलंत ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही.

वीस तारखेला अवश्य या. हात धरून उतरवायचं असेल तर दुसरा अंक संपल्यावर उतरवा. त्याआधी राजाला पहाऱ्यापलीकडे पोचवायचं काम माझ्याकडे आहे.

तुमचीच,
कुसुम


पिंपरी,
२३ एप्रिल १९५७

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुम्ही आला होता. मीरासाहेबांनी तुम्हाला पाहिलं. पण ते पुढं लिहिते, आधी नाटक कसं झालं ते लिहिते, कारण तुम्ही कुठून कुठपर्यंत होता हे मला कळलेलं नाही.

स्टेज देवळासमोरच्या वडाखाली बांधलं होतं, त्यामुळे तुमचा ओक आम्हाला रंगवावा लागला नाही. हे खरोखरच वडावर चढून बसले. खाली शिपाई आले आणि त्यांच्या म्होरक्यानं, लक्ष्मणरावांनी, तुम्ही लिहिल्याप्रमाणे गरजून विचारलं, "कोणी चार्ल्सला पाहिलं आहे काय?" हे वाक्य दुसऱ्या शिपायासाठी होतं. पण सगळी मोशी एका सुरात ओरडली, "न्हाई पाहिला!" छबूबाई तर उठून हात करून सांगायला लागल्या की तो आळंदीच्या वाटेनं गेला, पळा लवकर. लक्ष्मणराव बिचारे काय करणार, आळंदीच्या बाजूनं निघून गेले. झाडावर राजाला हसू आवरेना आणि सगळा वड हलायला लागला. मामा, तुमची अट मोडली गेली, पण अख्ख्या गावानं राजा लपवला.

मग माझा प्रवेश आला. सायकलवरून उतरले आणि समोर पाहिलं तर नुसती डोकीच डोकी. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. कुणीतरी शीळ घातली. लगेच कुणीतरी त्याला गप्प केलं, आणि ती शांतता शिळेपेक्षा वाईट होती. पहारेकरी भैरू, मिशीसकट, माझ्यापुढे भाला आडवा धरून उभा होता. त्यानं विचारलं, "हा कोण?" आणि मला एक अक्षर आठवेना. महिनाभर जे झोपेतही म्हणत होते ते सगळं गेलं. भैरूनं पुन्हा विचारलं. मनात आलं, मामा आता उठतील, हात धरतील आणि मी मुकाट्यानं खाली उतरेन.

तेवढ्यात आवाज आला, हलका पण स्वच्छ. "हा माझा गडी आहे."

बस. गाडी सुरू झाली. "हा माझा गडी आहे. माझ्या गड्याची वाट अडवणारा तू कोण?" म्हटलं आणि पुढचं सगळं पाण्यासारखं येत गेलं. मला वाटलं, पडद्याआडून ज्योतीरामनं सांगितलं, कारण नाटकाची वही त्याच्याकडे होती.

पुढे लोहाराच्या प्रवेशात घोड्याचा नाल निखळायचा होता, तर सायकलची साखळीच खरोखर निघाली. मीरासाहेब क्षणभर लोहार आहेत हे विसरले आणि मेकॅनिक झाले. खाली बसून साखळी चढवता चढवता त्यांनी राजाला सांगितलं की तो बदमाश चार्ल्स अजून सापडला नाही म्हणतात. राजानं तोंड गंभीर करून उत्तर दिलं, सापडला तर त्याला सगळ्यांच्या आधी फासावर द्यायला हवं. मीरासाहेब हात पुसत उठले आणि म्हणाले, "खरं बोललात राव, मानूस इमानदार दिसता." टाळ्या थांबेनात. मीच मग माझं एक वाक्य घुसडलं की लोहारदादा, साखळी घट्ट करा, आम्हाला लांब जायचंय. तीच अट दुसऱ्यांदा मोडली, आणि या वेळी मी मोडली.

मुंबईचा प्रवेश शांतपणे झाला नाही. राजानं दहा पौंडांचा कागद वाचला आणि आबाजी पहिल्या ओळीत उभे राहिले. "धा पौंडांत? आन आमाला आमची मुंबई फुकट बी देईनात!" मग ज्या घोषणा सुरू झाल्या, त्या पाव तास चालल्या. राजाही सिंहासनावरून उठून घोषणा देत होता.

शेवटी राजाचं पुनरागमन. तुम्ही फक्त "वाद्ये वाजतात" एवढंच लिहिलं होतं. हलगी वाजली तशी मोशीची लेझीम मंडळी आपणहून स्टेजसमोर आली, आणि चार्ल्स राजा लंडनमध्ये शिरला तो लेझमीच्या तालावर. आबाजींनी वर येऊन स्वतः राजाला फेटा बांधला. मला वाटलं आता पडदा पडेल. पण छबूबाई वर आल्या. त्यांच्यामागे आणखी सात-आठ बायका. खण, नारळ, तांदूळ घेऊन. भर नाटकात, राजाच्या दरबारात, त्यांनी मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. छबूबाई म्हणाल्या, "लेक हाय आमची." मामा, मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि ते नाटकातलं नव्हतं.

नंतर ज्योतीरामला विचारलं तर तो म्हणाला, मी काहीच सांगितलं नाही, मीच घाबरून पान हरवून बसलो होतो. मीरासाहेब म्हणाले, पुरुषांच्या बाजूला वडाच्या मुळाशी काळी टोपी घातलेले एक म्हातारे होते, छत्री हातात, उभं राहून ओठ हलवत होते. ओटी भरताना ते डोळे पुसत होते आणि पडदा पडायच्या आत निघून गेले.

तुम्ही मला उतरवायला आला होता, मामा. मग न भेटता का गेलात? रागावून गेलात की कसे, एवढं एका ओळीत कळवा.

तुमची,
कुसुम


औसा,
२ मे १९५७

चि. सौ. कुसुमला मामाचे अनेक अनेक आशीर्वाद.

एका ओळीत मावणार नाही. बारीक अक्षरात लिहितो.

लातूरहून बार्शी लाईटच्या गाडीत बसलो तेव्हा रागात होतो. कुर्डुवाडीला गाडी बदलली तेव्हाही होतो. मोशीत पोचलो आणि वडाखाली उभा राहिलो ते तुझा हात धरायच्या तयारीनं. गाव ओरडलं "न्हाई पाहिला", तेव्हा मीही ओरडलो, हे कबूल करतो. मग तू आलीस. भैरूनं विचारलं, तू गप्प. मी पुढे पाऊल टाकलं. ते तुला उतरवायलाच टाकलं होतं. पण तोंडातून निघालं ते तुझं वाक्य. मी ठरवलं नव्हतं. तुला अडखळताना पाहवलं नाही, एवढंच.

भेटलो नाही कारण भेटून काय बोललो असतो? आधी तुला एक गोष्ट सांगायला हवी होती, आणि ती तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती.

तू ज्या मोडलेल्या घराबद्दल विचारलं नाहीस, ते माझं. एकोणिसाव्या वर्षी मी औशाच्या नाटकमंडळीत बायकांची कामं करत असे. लोक म्हणायचे, उद्धव पदर सावरतो तसा बायकांनाही सावरता येत नाही. एकदा गणपतीत सुभद्रेचं काम आलं आणि मी मिशी काढली. माझे वडील हयात होते. घरी आलो तर ते दारात उभे. म्हणाले, "मी मेलो असं तू गावाला सांगितलंस. मेलेल्या माणसाच्या घरात तुझं काय काम?" एक वर्ष मी बार्शीला एका देवळाच्या ओवरीत राहिलो, मुलांना शिकवून पोट भरलं. वर्षानं आईनं त्यांना वळवलं आणि मी परत आलो. पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही, अशी शपथ घातली तेव्हा आत घेतलं. मी शपथ पाळली. गादी परत मिळाली, पण राज्य मिळालं नाही. म्हणूनच तो चार्ल्स मला इतका जवळचा वाटत असावा, त्याला दोन्ही मिळाली.

मला तुझी लाज वाटत नव्हती, पोरी. मला भीती वाटत होती. स्टेजवरून उतरलेल्याच्या तोंडावर दार लागतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या बायका तांदूळ घेऊन वर आल्या तेव्हा मला वाटलं, आता हिला ओढून खाली नेणार. त्यांनी पाट मांडला. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी असा राज्याभिषेक पाहिला नव्हता. तीस वर्षं तो हुकूम फळ्यावर लिहून मी त्याखाली दोन दोन रेघा ओढल्या, पण त्याचा अर्थ मला मोशीत कळला. त्या रात्री स्टेशनपर्यंत चालत गेलो. छत्री वडाखाली राहिली ती ज्योतीरामला शोधायला सांग.

मोडलेल्या अटी माफ आहेत. साखळीचं वाक्य चांगलं होतं, मी माझ्या वहीत लिहून घेतलं आहे. घोषणांबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी स्वतः त्यांत होतोच.

वाकडचे लोक दसऱ्याला हेच नाटक मागताहेत, असं सयाजीरावांनी लिहिलं. अवश्य करा. सोबत लहान पुडकं पाठवतो, ते जपून उघड. त्यात एक नथ आहे. चापाची आहे, म्हणजे नाक टोचलेलं नसलं तरी बसते. ती माझी आहे, सुभद्रेची. शेहेचाळीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी पुस्तकांखाली होती, कुणाला दाखवली नाही. वाकडला जेनचं काम करताना ती घालून उभी राहा.

जेन लेन इंग्रज होती आणि इंग्रज बाई नथ घालत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी घाल. चार्ल्स राजाची परवानगी मी काढून देतो.

तुझा,
उद्धवमामा